छप्पन सालाचा हिशेब



एखाद्या देशाच्या आयुष्यातील एकच वर्ष घ्यावे आणि ते नीट उलगडून पाहावे, अशा हेतूने मी आज १९५६ हे साल आपणांपुढे ठेवीत आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार संघटनेच्या कचेरीत झाले. त्या सालानंतर दीड दशकाने माझा जन्म झाला, तेव्हा डोळ्यांनी पाहिलेले असे माझ्यापाशी काही नाही. हिशेब तपासण्याची सवय तेवढी आहे. तीच घेऊन मी ह्या वर्षाकडे वळलो.

ती सवय कशी लागली ते आधी सांगतो. एका कारखान्यात मालक व चार पुढारी ह्यांनी रात्री बसून करार केला. पगारवाढ वाईट नव्हती. परंतु फाटकावर सभा झाली नाही, कलमे वाचून दाखविली गेली नाहीत. सकाळी कामगारांना कळले ते फलकावरून. तीन महिन्यांत तो करार मोडला. दुसऱ्या एका ठिकाणी रक्कम कमी मिळाली, पण प्रत्येक कलमावर फाटकावर वाद झाला, हात वर झाले आणि मग सही झाली. तो करार मुदतीपर्यंत पाळला गेला. तेव्हापासून कोणताही मोठा निर्णय समोर आला की मी तीन प्रश्न विचारतो. निर्णय कोणी घेतला? ज्यांना तो भोगावयाचा, त्यांना विचारले काय? आणि त्याची किंमत कोणाच्या खिशातून गेली? छप्पन सालाला हेच तीन प्रश्न विचारून पाहू.

त्या वर्षाच्या आरंभी आपले नागपूर राजधानीचे शहर होते. १८६१ साली मध्यप्रांत झाला तेव्हापासून राज्यकारभार येथून चाले. १९५० पासून प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, तरी राजधानी नागपूरच राहिली. ह्या राज्यात मराठीचे आठ जिल्हे होते : नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा, अमरावती, अकोला, यवतमाळ व बुलढाणा. बाकीचा मोठा मुलूख हिंदीचा. १९३६ साली स्थापन झालेले उच्च न्यायालयही येथेच होते.

भाषेप्रमाणे राज्ये करावी ही मागणी जुनी होती. १९५३ साली केंद्र सरकारने न्यायमूर्ती फाजल अली, हृदयनाथ कुंझरू व सरदार पणिक्कर ह्या तिघांचा राज्यपुनर्रचना आयोग नेमला. त्याचा अहवाल ३० सप्टेंबर १९५५ रोजी सादर झाला. आयोगाने आठ मराठी जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य सुचविले आणि उरलेल्या महाराष्ट्राला गुजरातसह एका द्विभाषिक मुंबई राज्यात ठेवावे असे म्हटले. मग दिल्लीत नवा तोडगा निघाला : विदर्भासह महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर दोघांपासूनही वेगळे. शेवटी ऑगस्ट १९५६ मध्ये तिसरेच ठरले : विदर्भ, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र, मुंबई, गुजरात, सौराष्ट्र, कच्छ अशा सर्वांचे मिळून एकच विशाल द्विभाषिक राज्य. म्हणजे वर्षभराच्या आत नागपूरला तीन निरनिराळी भवितव्ये सांगण्यात आली. आधी विदर्भाची राजधानी, मग मुंबईवाचूनच्या महाराष्ट्राचे एक शहर आणि अखेरीस द्विभाषिकातले एक जिल्ह्याचे ठिकाण.

विदर्भाचे मन तेव्हा एक नव्हते हेही सांगावयास हवे. लोकनायक बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी ह्यांच्यासारखी वजनदार माणसे वेगळ्या विदर्भाची बाजू मांडीत होती. संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूनेही येथे तितक्याच कळकळीची माणसे उभी होती. मतभेद असणे वाईट नाही. परंतु त्यांचा निवाडा करण्यासाठी सरकारने ह्या आठ जिल्ह्यांत सार्वमत घेतले नाही.

आता वर्षाची पाने उलटू. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर केले की मुंबई शहर केंद्राच्या ताब्यात राहील. मुंबई पेटली. आधीच्या नोव्हेंबरात, २१ तारखेला, फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झालेला होता; जानेवारीत गिरणगावाच्या रस्त्यांवर पुन्हा गोळ्या सुटल्या. ह्या लढ्यात एकंदर शंभराहून अधिक माणसे बळी पडली. हुतात्म्यांत गिरण्यांत व कारखान्यांत राबणारे, हातावर पोट असणारे किती होते हे पाहिले की, किंमत कोणी मोजली ह्या प्रश्नाला वेगळे उत्तर शोधावे लागत नाही. मुंबई ज्यांनी घामाने उभी केली त्यांना वाटत होते की ह्या शहराचा निर्णय आपल्याला वगळून होऊ नये. भाषेचा प्रश्न असा श्रमाच्या प्रश्नाला येऊन मिळाला. ६ फेब्रुवारी रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. काँग्रेसमधून बाहेर पडलेले केशवराव जेधे, समाजवादी एस. एम. जोशी, कम्युनिस्ट श्रीपाद अमृत डांगे, आचार्य अत्रे अशी एरवी एकमेकांशी न पटणारी मंडळी ह्या लढ्यात एकत्र आली. कामगार चळवळीत वावरणाऱ्याला असे व्यासपीठ उभारणे किती अवघड असते ते ठाऊक आहे.

आता १९ जानेवारीचे पान पाहा. पंतप्रधानांच्या त्या घोषणेला तीन दिवस झाले होते. त्या दिवशी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर आले आणि त्यांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ देशी-विदेशी विमा कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था ह्यांचा कारभार एकत्र होऊन आयुर्विमा महामंडळ सुरू झाले. सरकारने ह्या महामंडळात घातलेले भांडवल पाच कोटी रुपये होते. तोवर अनेक खाजगी कंपन्या बुडाल्या होत्या, पै-पै साठवून हप्ते भरणाऱ्यांचे पैसे त्यांच्याबरोबर गेले होते. विधवेच्या हाती पडावयाची रक्कम मालकांच्या इतर धंद्यांत अडकावी हा अन्याय होता. वरवर पाहता हा निर्णय एका फर्मानाने, गुप्तता राखून झाला. परंतु त्यामागे मागणी होती. १९५१ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटनेने राष्ट्रीयीकरणाची मागणी लावून धरली होती. खालून उठलेल्या मागणीवर वरून सही झाली, म्हणून हा निर्णय रुजला.

ह्याच चिंतामणरावांनी त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मुंबईच्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे अशी त्यांची मागणी होती व ती मान्य झाली नाही. ते सनदी नोकरीतून आलेले, रस्त्यावरच्या चळवळीशी संबंध नसलेले विद्वान गृहस्थ. अशा माणसाने खुर्ची सोडली तेव्हा मुंबईच्या चाळींतील माणसाला वाटले की आपली फिर्याद दिल्लीत कोणीतरी बोलून दाखविली.

ह्या गडबडीत देशाच्या अर्थकारणाची दिशाही ठरत होती. १ एप्रिलपासून दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली. सार्वजनिक क्षेत्रासाठी ४,८०० कोटी रुपयांचा आराखडा होता. ३० एप्रिल रोजी नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले आणि पोलाद, कोळसा, वीज, रेल्वे असे १७ मूलभूत उद्योग प्रामुख्याने सरकारच्या हाती ठेवण्यात आले. भिलाईचा पोलाद कारखाना ह्याच काळात उभा राहत होता, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत भिलाई व नागपूर एकाच राज्यात होती. ऑगस्टमध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली. त्याच महिन्यात अमेरिकेकडून धान्य आणण्याचा करारही झाला. एका हाताने अणू फोडावयाचा आणि दुसऱ्या हाताने परक्याचा गहू घ्यावयाचा, अशी आपली तेव्हाची स्थिती होती.

जून महिन्यातील एक कायदा मात्र घराघरांत शिरणारा होता. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि मुलीला बापाच्या मिळकतीत वारसाहक्क मिळाला. हिंदू संहितेचे विधेयक पुढे सरकेना, हे एक मोठे कारण होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते; त्याच संहितेचे हे एक अंग. कायदा चांगला होता, पण घराची संमती त्याला नव्हती. कितीतरी घरांत बहिणीला माहेरी बोलावून, साडीचोळी करून, तिच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला गेला. विडी वळणाऱ्या बायांत काम करताना हे मी नित्य ऐकले आहे. "भावाशी वाकडं कोण घेईल, दादा?" हा त्यांचा प्रश्न असतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. वरून आलेला न्यायही खाली उतरवून घेणारी संघटना नसेल तर कागदावर थबकतो, हे ह्यावरून दिसते.

ऑगस्टमध्ये द्विभाषिकाचा निर्णय होताच अहमदाबादेत विद्यार्थी रस्त्यावर आले. ८ ऑगस्ट रोजी तेथेही गोळीबार झाला. इंदुलाल याज्ञिकांच्या पुढारीपणाखाली महागुजरातची चळवळ उभी राहिली. हे नीट ध्यानात घ्या. मराठी माणसाला द्विभाषिक नको होते, गुजराती माणसालाही नको होते, तरी दोघांसाठी तेच ठरले. ज्या करारावर दोन्ही पक्ष नाराज आहेत तो केवळ मध्यस्थाच्या सोयीचा असतो.

आता मी ऑक्टोबरकडे येतो. येथे आपल्याला दिल्ली सोडून नागपुरास परतावे लागते, कारण ह्या वर्षातला सर्वांत खोल निर्णय येथे, व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मैदानावर झाला. १४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी, रविवार. बाबासाहेबांनी सपत्नीक कुशिनाऱ्याचे भिक्खू चंद्रमणी महास्थविर ह्यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि नंतर स्वतः समोरच्या जनसमुदायाला दीक्षा व बावीस प्रतिज्ञा दिल्या. संख्येविषयी निरनिराळे अंदाज आहेत, पण लाखो लोक होते ह्याविषयी वाद नाही. व्यवस्था वामनराव गोडबोले व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले ते सांगितले : बौद्ध धम्माचा प्रसार करणाऱ्या प्राचीन नाग लोकांची ही भूमी. १६ तारखेला चांद्यालाही दीक्षेचा सोहळा झाला.

कामगार संघटनेच्या माणसाने ह्याविषयी का बोलावे, असे कोणास वाटेल. त्याचे कारण गिरणीतच आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्य कामगाराला बंद होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याने ओठ लावलेल्या धोट्याला आपण कसे शिवावे, अशी इतरांची सबब असे. विणकामात मजुरी अधिक, म्हणजे विटाळाचा अर्थ रोख रकमेत मोजता येत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे मांडला. जात ही कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे, हा त्यांचा सिद्धान्त होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३८ साली मजूरविरोधी विधेयकाविरुद्ध संप पुकारला, आणि १९४२ ते १९४६ ह्या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते. आमच्या चळवळीतील पुष्कळांनी मात्र पोटाचा प्रश्न सुटला की जात आपोआप जाईल, असे म्हणून हा प्रश्न बाजूस ठेवला.

कोणी म्हणतील, हाही एकाच पुढाऱ्याचा निर्णय होता. बाकीचे मागून गेले. मला हे पटत नाही. धर्मांतराची घोषणा येवल्याला १९३५ च्या १३ ऑक्टोबरला झाली. दीक्षा झाली १९५६ मध्ये. मधली एकवीस वर्षे वस्त्या-वस्त्यांतून ह्यावर बोलणे चालू होते. फाटकावरची सभा एकवीस वर्षे चालली असे म्हणा ना! आमच्या संघटनेतील एक वृद्ध विडी कामगार बाई सांगत की त्यांच्या आईने पांढरे लुगडे घेण्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या, भाकरी फडक्यात बांधली आणि शेजारणींबरोबर पायी मैदान गाठले. त्यांना कोणी गाडीभाडे दिले नव्हते. मैदानावर प्रत्येकाने प्रतिज्ञा आपल्या तोंडाने म्हणावयाची होती. 'आम्ही' म्हणून चालणार नव्हते, 'मी' म्हणावे लागत होते.

आणि किंमत? तीही ज्यांनी निर्णय घेतला त्यांनीच मोजली. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना लागू नव्हत्या. दीक्षा घेणे म्हणजे मुलाची शिष्यवृत्ती आणि नोकरीतली राखीव जागा ह्यांवर पाणी सोडणे होते. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या कक्षेत सवलती दिल्या; केंद्राने त्या मान्य केल्या १९९० साली. चौतीस वर्षे हा तोटा लोकांनी सोसला.

दीक्षेनंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, देशाचा नकाशा बदलला. चौदा राज्ये व सहा केंद्रशासित प्रदेश झाले. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, त्याचे उच्च न्यायालय जबलपुरास गेले, आणि नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ उरले. द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण झाले. कचेऱ्या हलल्या, त्यांबरोबर कारकून-शिपायांचे संसारही हलले; कोणी भोपाळला, कोणी मुंबईला. विधानसभेची इमारत मात्र येथेच राहिली. १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे भरावे असे होते, आणि १९६० पासून हिवाळी अधिवेशने तेथे भरू लागली. त्याच १ नोव्हेंबरपासून राज्यघटनेच्या ३७१ व्या कलमात विदर्भासाठी विकास मंडळाची तरतूद आली. मंडळ प्रत्यक्षात आले १९९४ साली, अडतीस वर्षांनी, आणि २०२० साली त्याची मुदत संपली. करारात कलम घालणे निराळे व ते अमलात आणणे निराळे, हे कामगाराला वेगळे सांगावयास नको.

ह्याच दिवसांत जगही हादरत होते. जुलैमध्ये इजिप्तच्या नासर ह्यांनी सुएझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला; ऑक्टोबरच्या अखेरीस इस्राएल, ब्रिटन व फ्रान्स ह्यांनी त्या देशावर हल्ला केला. इकडे बुडापेस्टमध्ये २३ ऑक्टोबरला लोक उठले, कारखान्यांतून कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या, आणि ४ नोव्हेंबरला रशियाच्या रणगाड्यांनी तो उठाव चिरडला. भांडवलशाही राष्ट्रांनी गरीब देशावर चालून जावे ह्याचे आम्हांस नवल नव्हते. परंतु कामगारांच्या नावाने चालणाऱ्या सत्तेने कामगारांवर रणगाडे घालावे, हा धडा जगातल्या प्रत्येक लाल झेंड्याखालच्या माणसाला छप्पन साली शिकावा लागला. 'तुमच्या हितासाठी' असे म्हणून तुम्हांला न विचारता घेतलेला निर्णय कोणत्याही रंगाच्या झेंड्याखाली होऊ शकतो.

वर्षाचा शेवट दुःखाचा झाला. २३ नोव्हेंबरला मद्रासकडे अरियलूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात होऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री ह्यांनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. सप्टेंबरात महबूबनगरच्या अपघातानंतर दिलेला त्यांचा राजीनामा स्वीकारला गेला नव्हता. ह्या खेपेस स्वीकारला गेला. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्या चितेसमोर, भदन्त आनंद कौसल्यायन ह्यांच्या साक्षीने, आणखी असंख्य लोकांनी दीक्षा घेतली. आणि ३१ डिसेंबरला, नागपुरातून दहा वर्षे राज्य चालविणारे व नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झालेले पंडित रविशंकर शुक्ल निवर्तले. जुन्या राज्याचे शेवटचे पान त्यांच्याबरोबर मिटले.

आता हिशेब जुळवू. द्विभाषिक राज्य कोणालाही न विचारता केले. ते साडेतीन वर्षे टिकले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने समितीला भरभरून मते दिली, आणि १ मे १९६० रोजी, कामगारदिनी, महाराष्ट्र झाला. मुलींच्या वारसाहक्काचा कायदा चांगला, पण घराघरांत रुजविला गेला नाही म्हणून पन्नास वर्षे रेंगाळला. विमा महामंडळ लोकांच्या गरजेतून आणि कर्मचाऱ्यांच्या मागणीतून आले. आज ते खाजगी कंपन्यांच्या स्पर्धेतही उभे आहे. विदर्भाचा प्रश्न विदर्भाला न विचारता सोडविला, म्हणून तो दर हिवाळी अधिवेशनात पुन्हा उभा राहतो. राज्य वेगळे असावे की नसावे ह्यावर आपले मत काहीही असो, जखम न विचारल्याची आहे एवढे तरी मान्य करू.

आणि दीक्षाभूमीचा निर्णय? दीक्षेनंतर त्रेपन्न दिवसांत तिचा नेता गेला. जो निर्णय एका माणसाचा असतो तो त्याच्याबरोबर जातो. हा गेला नाही. पैसा नव्हता, राजाश्रय नव्हता, सवलती गेल्या होत्या, तरी वस्त्यांतून विहारे उभी राहिली, पोरे शाळेत गेली, २००१ साली स्तूप उभा राहिला. आजही अशोक विजयादशमीला माणसे भाकरी बांधून येतात. छप्पन सालात अनेक निर्णय झाले. ज्यांनी निर्णय घेतला, ज्यांना विचारले गेले आणि ज्यांनी किंमत मोजली ती माणसे एकच होती, असा एवढाच एक होता.

इतिहासाची पुस्तके आपणांस वर्षाच्या तारखा देतात आणि त्या पाठ करावयास मुळीच हरकत नाही. परंतु प्रत्येक तारखेपुढे आपण हे तीन प्रश्न लिहून ठेवावे. आपल्या गल्लीत रस्ता रुंद होणार असेल, कारखान्यात पाळी बदलणार असेल, शाळा बंद होऊन दुसरीत मिळविली जाणार असेल, तेव्हाही तेच विचारावे. विचारणारा एकटा असला तर त्याला गप्प बसविता येते. फाटकावर सगळे मिळून विचारू लागले की कागद वाचून दाखवावाच लागतो.